नाव झाकून केलेली पारख

हातातलं काम थांबवू नका. भाकरी थापता थापता ऐका, मासळी साफ करता करता ऐका.

आज बँकेचा विषय नाही, योजनेचाही नाही. आज मी एका गोष्टी लिहिणाऱ्या माणसाबद्दल बोलणार आहे. पण सुरुवात मात्र आपल्या कर्जाच्या वहीपासूनच करावी लागेल.

मी ज्या गटांचं काम बघते, त्यांतल्या एका गटात एका ताईने पाच हजार रुपये अंतर्गत कर्ज मागितलं. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. तिच्या मुलीचं वय चोवीस. मुलगी बीकॉम झालेली, नोकरी करणारी, घर सांभाळणारी. दोन ठिकाणी लग्नाचं जमत आलं होतं. दोन्ही वेळा फोटो पसंत, शिक्षण पसंत, घर पसंत. मग पत्रिका गेली आणि दोन्हीकडून निरोप आला, मुलीला कडक मंगळ आहे. त्यातल्या एका घरचे तर मुलगी बघायलासुद्धा आले नव्हते. कोणीतरी ताईला सांगितलं की शांती करून घ्या, त्यासाठी हे पाच हजार.

बैठकीत कोणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही. ताईची बचत नियमित, परतफेड नियमित, नाही म्हणायला कारण नव्हतं. वहीत कारणाचा रकाना आला तेव्हा सचिव ताईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लिही घरखर्च." तिने लिहिलं. सह्या झाल्या, चहा झाला, बैठक संपली.

त्या रात्री मला झोप आली नाही. पैसे दिले म्हणून नाही. गटाचा पैसा बाईच्या अडचणीला द्यायचा नाही तर कशाला द्यायचा? झोप आली नाही कारण मला एक गोष्ट माहीत होती आणि ती मी बैठकीत सांगितली नाही. ती गोष्ट काय, ते येईलच पुढे. आधी ज्या माणसामुळे ती मला कळली, त्याची ओळख करून देते.

त्यांचं नाव डॉक्टर जयंत विष्णू नारळीकर. तुमच्यापैकी पुष्कळजणींनी हे नाव मुलांच्या पुस्तकात पाहिलं असेल. जन्म १९ जुलै १९३८चा, कोल्हापूरचा. वडील विष्णू वासुदेव नारळीकर बनारसच्या हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, आई सुमती संस्कृत जाणणारी. मुलाचं शालेय आणि महाविद्यालयीन शिक्षण बनारसला झालं, पुढचं इंग्लंडात केंब्रिजला. तिथे फ्रेड हॉयल नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी संशोधन केलं. गुरुत्वाकर्षणाबद्दल, म्हणजे वस्तू एकमेकींना ओढतात कशा, याबद्दल गुरू-शिष्यांनी मिळून एक नवा सिद्धांत मांडला. १९६५ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षाच्या आत, नारळीकरांना पद्मभूषण मिळालं. १९७२ साली ते परदेशातली जागा सोडून भारतात परत आले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. १९८८ साली पुण्यात आकाशाच्या अभ्यासासाठी 'आयुका' ही संस्था उभी राहिली. तिचे ते संस्थापक संचालक.

एवढं मोठं शास्त्राचं काम असताना या माणसाने आणखी एक उद्योग केला. त्यांनी मराठीत विज्ञानकथा लिहिल्या. कथा लिहिल्या, कादंबऱ्याही लिहिल्या. विज्ञानकथा म्हणजे काय, तर विज्ञानातली एखादी खरी कल्पना घ्यायची आणि 'असं झालं तर?' असा प्रश्न विचारून तिची गोष्ट करायची. त्यांच्या गुरूंनाही हा नाद होता. हॉयलसाहेबांनी १९५७ साली सूर्याजवळ येणाऱ्या एका काळ्या ढगाची कादंबरी लिहिली होती. आपल्याकडेही भा. रा. भागवतांनी परदेशातल्या विज्ञानकथा मराठीत आणून मुलांना त्यांची गोडी लावली होती. पण आकाशाचा अभ्यास हाच ज्याचा रोजचा धंदा, असा माणूस स्वतः मराठीत गोष्टी लिहायला बसला, ही वेगळी बाब होती.

आता पहिली गोष्ट कशी लिहिली ते ऐका, ते फार मजेशीर आहे. नारळीकर अहमदाबादला एका परिसंवादाला गेले होते. समोर एकजण कंटाळवाणं भाषण करत होते. आपण अशा वेळी काय करतो? जांभया देतो, नाहीतर शेजारणीशी कुजबुजतो. नारळीकरांनी समोरचे कागद ओढले आणि गोष्ट लिहायला सुरुवात केली. गोष्टीचं नाव 'कृष्णविवर'. आकाशात अशा काही जागा आहेत की तिथली ओढ इतकी जबरदस्त, प्रकाशसुद्धा तिथून बाहेर पडू शकत नाही. तिच्या जवळपास काळही सावकाश चालतो. त्या कल्पनेची ही गोष्ट.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. गोष्ट तिथे पाठवायची ठरली. पण अडचण अशी की नारळीकरांचं नाव तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला माहीत होतं. परीक्षकांनी नाव वाचलं असतं तर गोष्ट वाचायच्या आधीच हात जोडले असते. मग त्यांनी टोपणनाव घेतलं, नारायण विनायक जगताप. नीट बघा, जयंत विष्णू नारळीकर यांची आद्याक्षरं ज, वि, ना. ती उलटी केली की ना, वि, ज. म्हणून नारायण विनायक जगताप.

तरी एक धोका उरलाच. परिषदेतली काही माणसं त्यांचं अक्षर ओळखत होती. मग त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी आपल्या अक्षरात सगळी कथा उतरवून दिली आणि ती स्पर्धेला गेली. निकाल लागला तेव्हा पहिलं बक्षीस नारायण विनायक जगताप यांना! नंतरच कळलं की हे जगताप कोण.

मैत्रिणींनो, हे आपल्याला नवीन नाही. मागे प्रदर्शनात कोणत्या गटाचे पोह्याचे पापड ठेवायचे यावरून आपल्यात केवढा वाद झाला होता! प्रत्येकीला आपल्या गटाचेच चांगले वाटत होते. शेवटी एका मावशीने युक्ती काढली. तिन्ही गटांचे पापड तळले, सारख्या ताटल्यांत ठेवले, खाली एक-दोन-तीन आकडे लिहिले आणि सगळ्यांना खायला दिले. कोणाचे कोणते ते कोणालाच माहीत नाही. मग जो निकाल लागला तो सगळ्यांनी मान्य केला. नारळीकरांनी आपल्या गोष्टीचं तेच केलं. माझं नाव चाखू नका, माझी गोष्ट चाखून बघा, असं म्हटल्यासारखं. नाव झाकून केलेली पारख ही खरी पारख. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यानंतर त्यांनी लिहायचं थांबवलं नाही. १९७९ साली 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह आला. 'प्रेषित', 'वामन परत न आला', 'व्हायरस', 'अभयारण्य' अशा कादंबऱ्या आल्या. 'वामन परत न आला' मध्ये माणसाहून हुशार होत जाणारा यंत्रमानव आहे. आज आपल्या मुलांच्या मोबाइलमध्ये बोलणारी, उत्तरं देणारी यंत्रं आली आहेत, पण ही कादंबरी आली तेव्हा आपल्या गावात फोनसुद्धा मोजक्या घरांत होते. 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत इतिहासाचे एक प्राध्यापक अपघातानंतर अशा जगात जाऊन पोचतात, जिथे १७६१ ची पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकलेली असते. ही कथा इंग्रजीतून देशभरच्या अकरावीच्या मुलांनी पाठ्यपुस्तकात वाचली.

आपण पेण-रोह्याकडच्या बायका, म्हणून आणखी एका कथेचं नाव सांगायलाच हवं. 'उजव्या सोंडेचा गणपती'. पेणच्या कारखान्यांत आपल्यातल्या कितीजणी रंगकामाला जातात. डाव्या सोंडेचा गणपती घरोघरी, उजव्या सोंडेचा कडक, त्याचं सोवळं सांभाळावं लागतं, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. या कथेत डाव्या सोंडेची मूर्ती उजव्या सोंडेची होते. चमत्काराने नाही, विज्ञानातल्या एका कल्पनेने.

ती कल्पना शिवणकाम करणाऱ्यांना लगेच कळेल. परकराला इलॅस्टिक लावताना दोन टोकं जोडायची असतात. घाईत पट्टीला एक अर्धा पीळ पडला आणि तसंच शिवलं, तर काय होतं? सुलट्या बाजूवर बोट ठेवून फिरवत गेलं की बोट न उचलता उलट्या बाजूला पोचतं. आपण म्हणतो, चुकलं, उसवा. गणिती म्हणतो, थांबा, हे तर भारी आहे! आज घरी करून बघा. आरपार दिसणाऱ्या पातळ प्लास्टिकची पट्टी घ्या, एक अर्धा पीळ देऊन टोकं चिकटवा. त्यावर डाव्या हाताचं चित्र आहे असं समजा. ते सरकत सरकत एक फेरी मारून जागेवर आलं की उजव्या हाताचं होऊन येतं. नारळीकरांनी ही पट्टी घेतली, तिला क्रिकेट जोडलं, गणपती जोडला आणि गोष्ट केली. वाचणारा गोष्टीत रमतो आणि उठतो तेव्हा त्याच्या डोक्यात गणित शिरलेलं असतं.

आता ज्या गोष्टीने मला जागं केलं तिच्याकडे येते. तिचं नाव 'धूमकेतू'. ही इंग्रजीतून अनेक वर्षं आठवीच्या पाठ्यपुस्तकात होती, तिथेच मी ती वाचली. शेजारच्या मुलाचं पुस्तक, त्याचा अभ्यास घेता घेता.

गोष्टीत दत्तदा नावाचे एक बंगाली गृहस्थ आहेत. त्यांना आकाश बघायचा नाद. त्यांनी दुर्बीण घेतली आहे, तिचं नाव ठेवलंय 'दिव्यचक्षू'. रात्र रात्र थंडीत गच्चीवर. त्यांची बायको इंद्राणीदेवी. तिला ती दुर्बीण सवतीसारखी वाटते. वाटणारच. नवरा तिच्याकडे बघत नाही, दुर्बिणीत बघतो! एक दिवस दत्तदांना नवा धूमकेतू सापडतो. पेपरात नाव, सत्कार, हारतुरे. इंद्राणीला मात्र आनंद होत नाही. धूमकेतू दिसणं अशुभ, तो आपल्या नवऱ्याला दिसायला नको होता, असं तिला वाटतं.

पुढे शास्त्रज्ञांच्या लक्षात येतं की हा धूमकेतू सरळ पृथ्वीवर आदळणार आहे. मोठमोठ्या शास्त्रज्ञांची गुप्त बैठक भरते. गुप्त अशासाठी की लोकांत घबराट नको. दत्तदांनाही बोलावतात. ठरतं असं की एक यान पाठवायचं, धूमकेतूजवळ मोठा स्फोट घडवायचा आणि त्याची वाट थोडीशी वळवायची. दत्तदा घरी येतात तर घरात यज्ञाची तयारी! धूमकेतूची पीडा टळावी म्हणून शांती. लहान नातवालाही त्यात बसवलेलं. दत्तदा संतापतात.

यान जातं, स्फोट होतो, धूमकेतू वळतो, पृथ्वी वाचते. दत्तदा सुटकेचा श्वास टाकतात. आणि इंद्राणीदेवीला काय वाटतं? आपण शांती केली म्हणून संकट टळलं. दत्तदा खिन्न होतात. आपला समाज विचाराने कधी चालणार, हा प्रश्न त्यांच्या मनात राहतो आणि गोष्ट संपते.

पहिल्यांदा वाचली तेव्हा मी दत्तदांच्या बाजूने होते. वाटलं, काय ही बाई! कर्जाच्या वहीत 'घरखर्च' लिहिल्यानंतर त्या रात्री परत आठवली, तेव्हा मी इंद्राणीच्या बाजूने विचार केला. तिची चूक काय? त्या गुप्त बैठकीत काय ठरलं ते तिला कोणी सांगितलं? कोणीच नाही. यान कधी सुटलं, कोणी सांगितलं? नाही. तिच्या घरावर, तिच्या नातवावर संकट येतंय एवढं तिला जाणवत होतं. तिच्या हातात जे होतं ते तिने केलं. ज्यांना माहीत होतं त्यांनी ते आपल्यापुरतं ठेवलं आणि मग तिला अडाणी ठरवलं.

मैत्रिणींनो, त्या बैठकीत माझी ताई इंद्राणी होती. आणि मी? मी त्या गुप्त बैठकीला जाऊन आलेली बाई. माहीत असून गप्प बसलेली.

मला काय माहीत होतं ते आता सांगते. नारळीकरांनी २००८ साली एक चाचणी घेतली. पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉक्टर नरेंद्र दाभोलकर आणि पूर्वी स्वतः ज्योतिष सांगणारे प्रकाश घाटपांडे हे त्यात होते. त्यांनी दोनशे मुलांच्या जन्मतारखा, जन्मवेळा, जन्मठिकाणं गोळा केली. शंभर मुलं शाळेत हुशार म्हणून नावाजलेली आणि शंभर बौद्धिक वाढ कमी असलेली. सगळ्यांच्या पत्रिका एकाच संगणक पद्धतीने काढल्या. मग ज्योतिषांना जाहीर आवाहन केलं. प्रत्येकाला चाळीस पत्रिका पाठवल्या. मुलाचं नाव नाही, फोटो नाही. फक्त पत्रिका बघून सांगायचं, हे मूल हुशार की वाढ कमी असलेलं.

म्हणजे तेच, नाव झाकून पारख. आपल्या पापडांसारखी.

एक्कावन्न ज्योतिषांनी पत्रिका मागवल्या, सत्तावीसजणांनी उत्तरं पाठवली. आता नीट ऐका. उत्तर दोनच, हे किंवा ते. डोळे मिटून नाणं उडवलं, छापा आला तर हुशार, काटा आला तर दुसरं, तरी शंभरातली पन्नासच्या आसपास उत्तरं बरोबर येतात. या सत्तावीसजणांची सरासरी आली शंभरात ४६. ज्याचं सगळ्यांत चांगलं आलं, त्याची चाळिसात चोवीस बरोबर. नाणं उडवून जे मिळतं तेवढंच, त्याहून जास्त नाही.

आता माझ्या ताईच्या लेकीचं बघा. ती हुशार आहे की नाही, एवढी मोठी बाबसुद्धा पत्रिकेवरून कळत नाही. मग तिचा संसार टिकेल की नाही, नवऱ्याचं आयुष्य किती, हे कसं कळणार? आणि ज्या पापडांची पारख आम्ही चाखून केली, तेवढासुद्धा मान त्या मुलीला मिळाला नाही. तिला न बघता, तिच्याशी न बोलता, एका कागदावरून परत केलं. ही नाव झाकून केलेली पारख नव्हती. इथे माणूसच झाकून टाकला होता.

आणि तो मंगळ तरी काय? सूर्याभोवती फिरणारा, पृथ्वीहून लहान, तांबड्या मातीचा एक ग्रह. भारताचं यान ५ नोव्हेंबर २०१३ ला निघालं आणि २४ सप्टेंबर २०१४ ला त्याच्याजवळ पोचलं. ते पोचलं तेव्हा साड्या नेसलेल्या, केसांत गजरे माळलेल्या बायकांचे आनंद करतानाचे फोटो पेपरात आले होते, आठवतात? त्या इस्रोत काम करणाऱ्या होत्या. आपल्या बायका मंगळापर्यंत यान पोचवतात, आणि मंगळ मात्र आपल्या मुलींची लग्नं मोडतो?

देवाला हात जोडण्याशी माझं भांडण नाही. मीही धावीर महाराजांच्या पालखीला जाते. पण मुलीच्या माथ्यावर दोष ठेवून आईकडून पैसे घेणं, ही भक्ती नव्हे.

थोडं मंगलाताईंबद्दल बोलते. त्यांच्या अक्षरात ती पहिली गोष्ट गेली होती ना? मंगलाताई, माहेरच्या राजवाडे. त्या नुसत्या लेखनिक नव्हत्या. १९६४ साली मुंबई विद्यापीठात एमए गणितात त्या पहिल्या आल्या, सुवर्णपदक मिळालं. लग्नानंतर केंब्रिज, तीन मुली, सासू-सासरे, येणारे-जाणारे. गणित मागे पडलं, सुटलं मात्र नाही. वेळ मिळेल तसा अभ्यास करत १९८१ साली त्यांनी पीएचडी पूर्ण केली. मुलांना गणिताची भीती वाटते म्हणून 'गणिताच्या सोप्या वाटा' हे पुस्तक लिहिलं. पुढे बालभारतीच्या गणित समितीचं काम केलं. १७ जुलै २०२३ रोजी त्या गेल्या. घर आधी, आपलं काम नंतर, हे त्यांच्या पिढीतल्या शिकलेल्या बायकांनी केलं, त्यांनीही केलं. हे मी कौतुक म्हणून सांगत नाही, तक्रार म्हणूनही नाही. एवढंच सांगते की तीन मुली मोठ्या करताना पुस्तक मिटून ठेवलं, तरी ते परत उघडता येतं. आपल्यातल्या ज्या दहावीला थांबल्या, त्यांनी हे ऐकून ठेवा.

नारळीकरांची आणखी एक सवय मला फार आवडते. ते शाळांत बोलायला जात, तेव्हा मुलं सही मागायला गर्दी करत. ते सांगत, सही अशी देत नाही. मला पोस्टकार्डावर विज्ञानातला एखादा प्रश्न लिहून पाठवा, मी उत्तर लिहीन, त्याखाली माझी सही असेलच. आणि खरोखर उत्तरं पाठवत. एवढा मोठा माणूस खेड्यातल्या मुलाच्या पोस्टकार्डाला उत्तर लिहितो, याचा अर्थ काय? मला जे कळलंय ते माझ्यापुरतं नाही, तुझा प्रश्न छोटा नाही. दत्तदांनी इंद्राणीला जे सांगितलं नाही, ते नारळीकर आयुष्यभर गोष्टींतून, लेखांतून, पोस्टकार्डांतून सांगत राहिले, आणि तेही आपल्या भाषेत.

आपल्या भाषेत लिहिलं म्हणून ते कमी ठरलं नाही. २००४ साली पद्मविभूषण मिळालं. 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०२१ साली नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं. विज्ञानलेखक त्या खुर्चीवर निवडून यायची ही पहिलीच वेळ. २० मे २०२५ रोजी पुण्यात, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी ते गेले.

आता आपल्या वहीकडे परत. पुढच्या बैठकीत मी 'धूमकेतू'ची गोष्ट मराठीत सांगितली. मग त्या चाचणीचे आकडे सांगितले. आणि मग सगळ्यांसमोर कबूल केलं की मागच्या वेळी 'घरखर्च' लिहायला मीच सांगितलं, ते खोटं होतं, चूक माझी. ताई खाली मान घालून बसली होती. मला वाटलं, दुखावली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "त्या सत्तावीसजणांत आमचे गुरुजी होते का गं?" सगळ्या हसल्या, तीही हसली. मग ती म्हणाली, "शांती तर झाली. पण मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी निदान विचार केला असता."

एवढंच तिचं म्हणणं. ते मला अजून टोचतं.

लगेच सगळं पालटलं असं नाही. मुलीचं लग्न अजून ठरलेलं नाही. ताई महिन्याला पाचशे रुपये फेडते आहे. तिच्या जावेने परवा मला ऐकवलं की तुम्ही शिकलेल्या बायका आमचं मन मोडता. पण मुलीने स्वतः घरात एक गोष्ट सांगितली. यापुढे जे येतील त्यांनी आधी मला भेटायचं, कागद नंतर. आई हो म्हणाली आहे. वडील अजून गप्प आहेत.

आणि आम्ही गटात दोन ठराव केले. पहिला, कर्जाच्या वहीत कारण खरं लिहायचं. शांती असेल तर शांती, दारू सोडवायचा उपचार असेल तर उपचार. कर्ज अडवायचं नाही, पण सही व्हायच्या आधी त्यावर बोलायचं. ज्या बाईला जे माहीत आहे ते तिने सांगायचं, मग निर्णय त्या ताईचा. दुसरा, महिन्यातल्या एका बैठकीत हिशोब झाल्यावर पंधरा मिनिटं एक गोष्ट मोठ्याने वाचायची. वाचता येतं ती वाचेल, बाकीच्या ऐकतील. सुरुवात 'यक्षांची देणगी'पासून करतो आहोत. तालुक्याच्या वाचनालयात विचारा, नारळीकरांची पुस्तकं तिथे मिळायला हरकत नाही.

तुमच्या गटातही हे करून बघा. गोष्ट ऐकून मनात प्रश्न आला तर तो दाबून ठेवू नका, पोस्टकार्डावर लिहा आणि आपल्या रेडिओ केंद्राकडे पाठवा. उत्तर मला येत असेल तर मी देईन. येत नसेल तर ज्याला येतं त्याला शोधून आणून या माइकसमोर बसवीन. आपल्यापैकी कोणीही इंद्राणी राहायला नको आणि कोणी दत्तदाही.

इलॅस्टिकचा पीळ मात्र आजच करून बघा, मुलांनाही दाखवा.